सिकलसेल डोक्यातही जातो

आमच्या धाकट्याला सिकलसेल आहे हे आम्हाला २०१३ सालापासून ठाऊक होते. दीड वर्षाचा असताना त्याच्या हातापायाचे पंजे फुगले, तेव्हा घरच्या म्हाताऱ्या माणसांनी वाताचे आहे म्हणून एरंडाचा पाला बांधला. पुढे वारंवार ताप, वारंवार डोळे पिवळे, आणि थंडी पडली की हाडे कुणी फोडतो आहे अशी ओरड. चार वर्षांचा झाला तेव्हा गावात रक्ततपासणी झाली. आधी बोटाच्या रक्ताची सोल्युबिलिटी, मग दंडातल्या रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस. कागदावर दोनच अक्षरे आली, 'एसएस'. मग आमचीही तपासणी झाली. आम्ही दोघेही 'एएस' निघालो. म्हणजे अर्धा अर्धा दोष दोघांकडून आला होता. त्यामुळे आमच्या घरातले एक भांडण वाचले. नाहीतर पुष्कळ घरांत 'हा रोग तुझ्या माहेरचा' म्हणून बाईचा जन्मभर छळ होतो. माय-बहिणींनो, हे नीट ध्यानात ठेवा. 'एसएस' मूल एकट्या आईमुळे किंवा एकट्या बापामुळे होत नाही.

आम्ही आसगावचे, तालुका पवनी. एक जण मिस्त्रीकाम करतो, एक जण बिड्या वळते आणि रोवणा-कापणीला लोकांच्या बांधीत जाते. दोन मुले, मोठी मुलगी आणि हा. दुखणे आले की भरपूर पाणी पाजायचे, अंग गरम ठेवायचे, फॉलिक ॲसिडची गोळी रोज द्यायची, ताप आला की थांबायचे नाही, एवढे आम्ही शिकलो होतो. तेवढ्यावर आम्हाला वाटायचे की सिकलसेल आपल्याला कळला. सिकलसेल म्हणजे अंगदुखी. यापलीकडे आम्हाला कुणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

एक चूक तर आमचीच होती. २०१६ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला हायड्रॉक्सियुरियाची गोळी सुरू केली होती. वर्षभर पोरगा बरा राहिला. दवाखान्यात भरती करायची पाळी आली नाही. मग एका शहाण्या माणसाने सांगितले की ही तर कॅन्सरची गोळी, पोराला काहून चारता? आम्ही घाबरलो आणि बंद केली. डॉक्टरांना विचारले नाही. ती गोळी काही कॅन्सरमध्ये देतात हे खरेच आहे. पण सिकलसेलमध्ये तीच गोळी लहान बाळाच्या रक्तात असते तसले हिमोग्लोबिन वाढवते, आणि ते वाढले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. दर थोड्या दिवसांनी रक्त तपासून ती वर्षानुवर्षे देता येते. हे आम्हाला पुढे कळले.

२०१८ च्या ऑगस्टची गोष्ट. रोवणा अर्ध्यावर आला होता. पाऊस असा की अंगावरचे कपडे वाळत नव्हते. धाकटा चौथीत होता. एका संध्याकाळी त्याच्या डाव्या हातातून पाण्याचा गिलास पडला. पुसून घेतले. पुन्हा भरून दिला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा पाणी वळलेल्या बिड्यांच्या सुपात गेले. दिवसभराची मजुरी भिजली.

"काहून पाडून राह्यला रे गिलास?"

"मी नाई पाडून राह्यलो. तो पडून राह्यला."

त्या उत्तराला आम्ही उर्मटपणा समजलो आणि त्याला मारले. हात आमच्यातल्या एकाचा होता, पण राग दोघांचा होता, म्हणून 'आम्ही मारले' असेच लिहितो. तो रडत झोपला. तासाभराने उठला तर हात ठीक. डाव्या हाताने भात कालवला, मांजराच्या शेपटीला धरले. आम्ही म्हटले, पाहा, नाटक होते.

ते नाटक नव्हते. मेंदूच्या एका भागाला थोडा वेळ रक्त मिळाले नव्हते आणि मग परत मिळाले होते. डॉक्टर याला छोटा झटका म्हणतात. मोठा येण्याआधी पुष्कळदा असा छोटा येऊन जातो. ज्या आईबापाला हे माहीत असते, ते त्याच रात्री गाडी बघतात. आम्ही दिवा मालवून झोपलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंथरुणावरून उठेना. तोंड एका बाजूला ओढलेले, लाळ गळत होती, डावा हात आणि डावा पाय लाकडासारखा. बोलला तर शब्द चिखलातून काढल्यासारखे येत होते. गल्ली जमली. लकवा मारला, वारं गेलं, असे ज्याने त्याने सांगितले. नऊ वर्षांच्या पोराला लकवा कसा मारेल, हे कुणी विचारले नाही. एकाने कबुतर आणा म्हटले. एकाने शेजारच्या गावच्या जाणत्याचे नाव सांगितले. आम्ही विहारात जाणारी माणसे, अंगारे-धुपारे सोडून दिलेली. पण पोराचे तोंड वाकडे दिसले तेव्हा आमची सगळी समज पाण्यात गेली. त्या जाणत्याकडे दुपारपर्यंतचा वेळ गेला. तिथून एका डॉक्टरकडे गेलो. त्यांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावली. सिकलसेलचा कागद आम्ही दाखवला, त्यांनी तो नीट पाहिला नाही. रात्री शेजाऱ्याच्या जीपने भिवापूर-उमरेड करत नागपूर गाठले तेव्हा पहाटेचे चार झाले होते. पूर्ण एक दिवस आम्ही घालवला.

तिथल्या डॉक्टरीण बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "सिकलसेल आहे हे माहीत होते ना? मग डोक्याचे डॉपलर कधी केले?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. डॉपलर हा शब्द आम्ही त्या पहाटे पहिल्यांदा ऐकला.

त्या रात्री त्यांनी त्याच्या अंगातले रक्त थोडे थोडे काढून चांगले रक्त भरले. एमआरआय झाला. उजव्या बाजूचा मेंदू सुकला होता, म्हणून डावे अंग गेले होते. पण त्या फोटोत आणखी एक गोष्ट दिसली. दोन्ही बाजूंना लहान लहान जुने डाग होते. डॉक्टर म्हणाल्या, हे आधीचे आहेत, एक-दोन वर्षांपूर्वीचेही असतील. तेव्हा हात लुळा पडला नाही, तोंड वाकडे झाले नाही, म्हणून कुणाला कळले नाही. शाळेत मागे पडला होता का?

पडला होता. दुसरीपर्यंत पाढे धडाधड म्हणणारा पोरगा तिसरीत विसरायला लागला. दुकानातून मीठ, साबण आणि माचिस आण म्हटले तर मीठ घेऊन यायचा. वही अर्धवट सोडायचा. शाळेतून तक्रार आली की लक्ष देत नाही. आम्ही त्याला मठ्ठ म्हटले, आळशी म्हटले. तुझ्यासाठी आम्ही उन्हात राबतो आणि तुला शिकायला नको, असेही म्हटले. मेंदूला रक्त कमी पडत होते आणि पोरगा शिव्या खात होता. लकव्याच्या दिवसापेक्षा ही गोष्ट आमच्या मनाला जास्त लागून राहिली आहे.

आता हे का होते ते डॉक्टरांनी आम्हाला समजावले तसे सांगतो. सिकलसेलच्या माणसाचे रक्त नेहमीच कमी असते. मेंदूला तर पुरेसे रक्त लागतेच. म्हणून तिथे रक्त जोरात धावते. वाकड्या, कडक पेशी जोरात धावताना नसांच्या आतल्या अस्तराला घासतात, अस्तर जाड होते, नस आतून अरुंद होते. बांधीत पाणी सोडताना पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवला तर धार जोरात जाते, तसे मग रक्त आणखी जोरात जाते. डोक्याच्या सोनोग्राफीवर हाच वेग मोजतात. तेच डॉपलर. सुई नाही, भूल नाही, कानाच्या वर यंत्र टेकवतात आणि पाऊण तासाच्या आत काम होते. सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वेग निघाला तर धोका मोठा.

धोका निघाला तर उपाय आहे, हे महत्त्वाचे. अमेरिकेत आणि कॅनडात अशा धोक्याच्या १३० मुलांचा अभ्यास झाला, तो १९९८ साली छापून आला. ६३ मुलांना नियमित रक्त दिले, त्यांच्यात एकालाच लकवा झाला. ६७ मुलांना तसे रक्त दिले नाही, त्यांच्यात ११ जणांच्या मेंदूला इजा झाली. फरक एवढा मोठा होता की अभ्यास मध्येच थांबवून सगळ्यांना रक्त द्यायला सांगितले. म्हणजे आमचा मुलगा जन्मायच्या अकरा वर्षे आधी ही गोष्ट जगाला ठाऊक झाली होती. आसगावच्या शेवटच्या गल्लीपर्यंत ती आली नव्हती.

रोगाचेही तसेच आहे. १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या पेशी पहिल्यांदा लिहून ठेवल्या. त्यांचा रोगी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेला काळा विद्यार्थी होता. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ल आणि डॉ. सोळंकी यांनी आपल्या भागात हा दोष सापडल्याचे विलायतेच्या 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापले. तेव्हापासून विदर्भात हे माहीत आहे. काही लोक अजून आमच्या तोंडावर म्हणतात, हा तुमच्याच लोकांचा रोग. आपल्यात तो पुष्कळ आहे हे खरे आहे, लपवून उपयोग नाही. पण तो गोंडांत आहे, तेल्यांत आहे, कुणब्यांत आहे. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे. जिथे हिवतापाने माणसे मरत होती तिथे 'एएस' असलेली मुले हिवतापातून जास्त वाचली आणि त्यांचा वंश वाढला. एवढाच त्याचा इतिहास आहे. त्यात कुणाचे पाप नाही आणि कुणाचा कमीपणाही नाही.

लकव्यानंतर खरे काम सुरू झाले. एकदा झटका आलेल्या मुलाला काहीच केले नाही तर तीनातल्या दोघांना पुन्हा येतो, असे सांगितले गेले. म्हणून दर महिन्याला रक्त लावायचे. अंगात वाकड्या पेशींचे हिमोग्लोबिन शंभरात तीसच्या खाली ठेवायचे. सरकारी रक्तपेढीत सिकलसेलच्या रुग्णाला रक्त फुकट मिळते आणि त्याच्या बदल्यात रक्तदाता आणा असे म्हणायचे नसते. हे नियमाने आहे, कुणाच्या मेहरबानीने नाही. एसटीच्या साध्या गाडीतही सिकलसेलच्या रुग्णाला सवलत आहे, कागद जवळ ठेवावा लागतो. पण आमच्या रोजीला सवलत नाही. महिन्यातले दोन दिवस एकाचे काम बुडते. ठेकेदाराला आमची तारीख आता पाठ झाली आहे, तो त्या आठवड्यात दुसरा मिस्त्री पाहतो.

रक्त घेतले की अंगात लोह साचते. काळजात, यकृतात जाऊन बसते. ते काढायला डेफेरासिरॉक्सची गोळी पाण्यात विरघळवून उपाशीपोटी घ्यावी लागते. चव अशी की सुरुवातीला तो गिलास पाहूनच ओकायचा. आम्ही संत्र्याच्या रसात दिली, तरी तोंड वाकडे करायचा. त्या वाकड्या तोंडाची आम्हाला दर वेळी भीती वाटायची. आणखी एक सांगून ठेवतो. अंगात रक्त कमी आहे म्हणून कुणी लोहाच्या लाल गोळ्या दिल्या तर सिकलसेलचा कागद दाखवून आधी विचारा. आमच्या मुलाला त्या विषासारख्या ठरल्या असत्या.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागले. एसटी बंद, मिस्त्रीकाम बंद, आणि रक्तपेढीत रक्त नाही. दरवर्षी १४ एप्रिलला आपल्याकडे रक्तदान होते, त्या वर्षी जयंती सगळ्यांनी घरातच केली. मुलाला रक्त लावून सात आठवडे झाले. त्याचे डोळे पिवळे पडले, तो दिवसभर झोपायला लागला. फोनवर डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया पुन्हा सुरू करायला सांगितली. रक्त नियमित मिळत नसेल तर तीच दुसऱ्या नंबरची ढाल, असे त्या म्हणाल्या. ज्या गोळीला आम्ही फेकून दिले होते, ती आणायला आमच्यातला एक जण पास काढून सायकलने पवनीला गेला. शेवटी गावातल्याच दोन तरुणांनी भंडाऱ्याला जाऊन रक्त दिले. त्यातला एक आपल्या समाजाचा नव्हता. आज रक्त आणि गोळी दोन्ही चालू आहे.

फिट हा दुसरा त्रास. मेंदूवर जिथे जुनी जखम आहे तिथून फिट निघते. पहिली २०१९ च्या जानेवारीत, रात्री दोनला. दात खिळले, डोळे वर गेले, अंग झटके द्यायला लागले. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल नाकाशी धरली, कुणी दातांत चमचा घालायला गेला. यातले काहीच करायचे नसते. आता घरातले सगळे शिकलो आहोत. त्याला कुशीवर वळवायचे, गळ्याजवळचे बटन काढायचे, आजूबाजूचे टोकदार सामान सरकवायचे, तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आणि घड्याळ पाहायचे. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा एकीला लागून दुसरी आली तर गाडी काढायची. फिटची गोळी सकाळ-संध्याकाळ आहे. एकदा लग्नाच्या गडबडीत दोन दिवस राहून गेली, तिसऱ्या दिवशी मांडवातच फिट आली. तेव्हापासून डबीवर वार लिहून गोळ्या भरायचे काम मोठ्या मुलीने आपल्याकडे घेतले. विहिरीवर, तलावावर, नदीवर तो एकटा जात नाही. वैनगंगा इतकी जवळ, आणि गावची सगळी पोरे पोहणारी. या एका गोष्टीसाठी तो आमच्यावर अजून रुसतो.

डाव्या हाताचे व्यायाम दवाखान्यात शिकवले. चांगला हात तासभर फडक्याने बांधून ठेवायचा, म्हणजे लुळ्याला काम करावेच लागते. आम्ही त्याला कणीक मळायला दिली, ताटातले वाटाणे एकेक उचलायला दिले, सुपातले खडे वेचायला दिले. बिडीचे पान मात्र त्याच्या हाती दिले नाही, तंबाखूपासून त्याला दूरच ठेवले. पहिले सहा महिने तो रडायचा आणि आम्ही उठून बाहेर जायचो. पाय बऱ्यापैकी आला, चालताना थोडा ओढतो. हात खांद्यापासून आला, बोटे पूर्ण आली नाहीत. शर्टाची बटने उजव्या हाताने लावतो.

अभ्यासाचे सगळ्यात कठीण. बाहेरून पाहणाऱ्याला हात दिसतो, विसरणे दिसत नाही. तो मठ्ठ नाही. त्याच्या डोक्यात एका वेळी कमी मावते आणि मावायला वेळ लागतो. हे कळल्यावर आम्ही घराची रीत बदलली. एका वेळी एकच काम सांगायचे. ते झाले की दुसरे. बाजाराची चिठ्ठी लिहून द्यायची. अभ्यास वीस मिनिटे, मग उठून पाणी प्यायचे, मग पुन्हा वीस मिनिटे. मोठी बहीण धडा मोठ्याने वाचायची, तो ऐकायचा आणि मग तिला सांगायचा. चिडला, वस्तू फेकली, तर त्या वेळी भांडायचे नाही. मेंदूच्या जखमेने राग आवरत नाही, हेही आम्हाला शिकावे लागले. आम्ही नेहमी पाळतो असे नाही. थकून घरी आलेल्या माणसाचा तोल जातो. पण हात उचलणे त्या संध्याकाळनंतर बंद झाले.

शाळेत आम्ही भीत भीत गेलो. बाटली जवळ ठेवू द्या, लघवीला मागेल तेव्हा सोडा, पावसात कवायतीला उभा करू नका, एवढे मागितले. सिकलसेलच्या पोरांना लघवी जास्त होते आणि पाणी कमी पडले की दुखणे उठते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल धरलेला आहे. थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही त्यात आहेत. त्याचे प्रमाणपत्र काढायला आम्हाला चार फेऱ्या पडल्या. दर वेळी एक कागद कमी. कंटाळून सोडून दिले असते, पण मुलीने फॉर्म भरला आणि पाठपुरावा केला. त्या कागदावर परीक्षेत तासाला वीस मिनिटे जास्त मिळतात. २०२५ च्या दहावीला त्याने तो जास्तीचा वेळ शेवटच्या मिनिटापर्यंत वापरला. ५४ टक्के मिळाले. गल्लीत कुणी ऐंशी घेतले, कुणी नव्वद. पेढे आम्हीही वाटले.

कायमचा इलाज आहे का, असे सगळे विचारतात. सख्ख्या भावा-बहिणीचा मगज जुळला तर तो बदलता येतो. बहीण 'एएस' असली तरी चालते. आमच्या मुलीने लगेच तपासणीला दंड पुढे केला. जुळले नाही. त्या दिवशी परतीच्या गाडीत ती उमरेडपर्यंत बोलली नाही. जणू तिचीच काही चूक झाली होती. २०२३ च्या शेवटी अमेरिकेत जनुकात दुरुस्ती करणाऱ्या इलाजाला मंजुरी मिळाली, त्याची किंमत वीस लाख डॉलरच्या वर. ती बातमी आम्ही वाचली आणि कागद घडी करून ठेवला. त्याच वर्षी १ जुलैला शहडोलला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत हा रोग संपवायचा आणि सात कोटी लोकांची तपासणी करायची असे ठरले आहे. तपासणी चांगलीच. पण कार्ड हातात देऊन काम संपत नाही. ज्या घरात 'एसएस' कार्ड जाते त्या घरात डॉपलर हा शब्दही गेला पाहिजे. दोन वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंत दरवर्षी एकदा, असे आम्हाला सांगितले गेले आहे. तालुक्याला हे यंत्र का नसावे, हे विचारायला आपण मोर्चा काढत नाही. रस्त्यासाठी काढतो, राशनसाठी काढतो. यासाठीही काढायला हरकत नाही.

मोठी मुलगी आता लग्नाची आहे. ती 'एएस'. तिला स्वतःला काही त्रास नाही आणि बहुधा होणारही नाही. पण मुलगाही 'एएस' असेल तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक वेळा 'एसएस' मूल व्हायची शक्यता. मुलगा 'एए' असेल तर एकही नाही. एवढे साधे गणित आहे. २०२४ मध्ये एक चांगले स्थळ आले. मुलगा कामाला, घर आपले. आम्ही बैठकीत मुलाची तपासणी मागितली. मुलाचा मामा उठूनच उभा राहिला. मुलीत खोट असेल तर सरळ सांगा, म्हणाला. आम्ही सांगितले की मुलीचा कागद हा आहे, तुम्ही पाहा, आणि मुलाचा दाखवा. चहा तसाच राहिला. स्थळ गेले. नातेवाईक म्हणाले, तोंड उघडायची काय गरज होती, लग्नानंतर पाहिले असते. त्यांना आम्ही धाकट्याला पुढे बोलावून दाखवले नाही. मनात मात्र आले होते. त्यानंतरचे जे स्थळ आले त्या मुलाने स्वतःच सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त दिले आहे. कागद अजून यायचा आहे.

आमच्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे, पाच वर्षांची एक मुलगी आहे, 'एसएस'. तिची आई आमच्याकडे आली तेव्हा म्हणाली, हिला तर फारसे दुखतही नाही, हिला कशाला नागपूरला न्यायचे? आम्ही तिला गिलासाची गोष्ट सांगितली. मारल्याचेही सांगितले. ती बराच वेळ पोरीचे हात पाहत बसली. मग विचारले, सुई टोचतात का? नाही टोचत, आम्ही म्हटले.

या महिन्यात आमची रक्ताची तारीख शुक्रवारी आहे. सकाळच्या पहिल्या गाडीने जायचे. धाकटा आता आपली फाईल आपणच धरतो. त्या दोघी मायलेकीही आमच्यासोबत येत आहेत.